वाचता येते, पण अर्थ उमगतो का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळांचे निकाल लागले की टक्केवारीची चर्चा होते. मुलाला वाचलेले समजते का, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या शेजारी पाचवीतली एक मुलगी राहते. घरी तेलुगू, शाळेत मराठी. आई वळत असलेल्या विड्यांच्या कट्ट्यांचा, म्हणजे जुड्यांचा, हिशेब ती २५च्या पटीत तोंडी सांगते. पण तोच गुणाकार शाब्दिक उदाहरणात आला की अडते, कारण ‘प्रत्येकी’ या शब्दाचा अर्थच तिला ठाऊक नव्हता. मी तो कट्टे मांडून सांगितला, तेव्हा पुढची चार उदाहरणे तिने एका बैठकीत सोडवली.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, मुलांनी स्वतः करून व शोधून शिकावे आणि त्यांच्या मनातील भीती दूर व्हावी, असे स्पष्ट म्हटले आहे. माझ्या मते चांगल्या शिक्षणाची याहून नेमकी व्याख्या नाही. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुले मराठी वर्गात बसणाऱ्या या शहरात तर शिक्षकाला मुलांच्या घरचे निदान शे-दोनशे शब्द यायलाच हवेत. महापालिकेने शिक्षकांसाठी अशा शब्दसंग्रहाची छोटी पुस्तिका काढावी आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत रोज अर्धा तास केवळ गप्पागोष्टींसाठी राखून ठेवावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर