उजनीकाठच्या होड्यांसाठी लाइफ जॅकेट, दोर आणि थोडी मदत हवी आहे

सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या सर्वांना नमस्कार.

करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्याला लागून जी गावं आहेत, त्यांनी मिळून केलेली ही जलसुरक्षा समिती. मच्छीमार, होडीवाले, शेतकरी, दोन शिक्षक, आशाताई आणि बचत गटाच्या बाया, एवढाच आमचा पसारा. शहरातल्या नळाला येणारं बरंचसं पाणी याच धरणाचं आहे, हे तुम्ही जाणताच. ते किती दिवसांआड येतं हेही जाणता, त्यावर इथे बोलत नाही. आम्ही त्या पाण्याच्या वरच्या अंगाला राहतो, आणि मागणं त्याच पाण्यावरून आहे.

कोकणातल्या कोळ्याला समुद्राची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची माहीत असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही असं घरातली म्हातारी माणसंच सांगतात. भरती-ओहोटीची वेळ पोराटोरांना तोंडपाठ असते. आमच्याकडे यातलं काही नाही. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. रानं, विहिरी, देवळं पाण्याखाली गेली आणि नदीपासून लांब असलेल्या वस्त्यांच्या दारात पाणी येऊन थांबलं. आम्ही काठावर राहायला गेलो नाही, काठ आमच्याकडे आला. आमच्या आजोबांनी आम्हाला पेरणी कधी करायची ते शिकवलं. होडी कधी सोडायची नाही, हे शिकवायला त्यांच्यापाशी काही नव्हतं.

त्यात हा काठ एका जागी राहत नाही. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांतून सोडता न येणारं तळचं पाणी. उन्हाळ्यात धरण ‘उणे’त गेलं, म्हणजे मृतसाठाही आटू लागला, की पाणी मैलभर मागं सरतं. मागोमाग शेतकरी चाऱ्या खणतात, मोटारी पुढं सरकवतात, पाइप आणि केबल गाळातून ओढत नेतात. केबलचा जोड ओला झाला तर आसपासच्या पाण्यात करंट उतरतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. उघड्या पडलेल्या गाळाला वरून भेगा असतात, आत तो लिबलिबीतच असतो. गुरांमागं गेलेला माणूस मांडीपर्यंत रुततो. जुन्या विहिरी, घरांची जोती, बाभळीची खोडं अजून तळाशी आहेत. कंबरभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल विहिरीत पडू शकतं. नदीच्या जुन्या पात्रात वाळू उपसून झालेले खड्डे वेगळेच.

पावसाळ्यात सगळं उलटं होतं. आमच्याकडे ढगाचा पत्ता नसतो, पण पुण्याच्या वरच्या धरणांतून पाणी सुटतं, दौंडचा विसर्ग वाढतो आणि काल कोरडी असलेली वाट सकाळी पाण्यात असते. जलपर्णी आली असेल तर जमीन कुठं संपली तेही कळत नाही. बाहेरून आलेला माणूस त्या हिरव्या पट्ट्याला रान समजतो.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ जिल्ह्याला आठवत असेल. कुगावहून पलीकडे इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलंही होती. एक जण पोहत काठाला लागला. एनडीआरएफच्या जवानांनी शोध घेतला, पण मृतदेह हाती यायला तिसरा दिवस उजाडला. एरवी शांत दिसणाऱ्या या जलाशयावर वाऱ्याला अडवायला काही नाही, मैलोगणती उघडं पाणी आहे. वळवाचा वारा सुटला की थोड्या वेळात अशा लाटा उठतात की कमी काठाची होडी त्यात भरतेच. जुने मच्छीमार सांगतात की दुपारनंतर वारा एकदम पडला आणि नैऋत्येला आभाळ तांबूस-काळं झालं, तर चिलापीचं जाळं तसंच सोडून काठ गाठायचा. जाळं दुसऱ्या दिवशी मिळतं.

‘मग होडीनं जाताच कशाला?’ हा प्रश्न शहरातून नेहमी येतो. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा पडतो. लेक पलीकडे दिलेली असते, दवाखाना पलीकडे, बाजार पलीकडे. कुगाव ते शिरसोडी पूल मंजूर झाला आहे. त्यावरून पहिली एसटी जाईल त्या दिवशी आम्ही गुलाल उधळू. तोवर माणसं होडीतच बसणार, आणि होडीत बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असलं पाहिजे एवढंच आमच्या हातात आहे.

आम्हाला काय हवं आहे ते आता नीट सांगतो.

सगळ्यात आधी लाइफ जॅकेट, आणि त्यातही मुलांच्या मापाची. मोठ्या मापाचं जॅकेट लहान पोराच्या अंगातून वर निसटतं आणि पोर खाली जातं, म्हणून दोन पायांमधून पट्टा असलेलंच घ्यावं. पहिल्या टप्प्यात मोठ्यांची चाळीस आणि मुलांची वीस आम्हाला पुरतील. ती प्रत्येक होडीच्या थांब्यावर पेटीत राहतील, चढताना घालायची आणि उतरताना परत ठेवायची. जॅकेट घालायला लाजणारे तरुण भेटतातच. अशाला होडीत घ्यायचं नाही, असा ठराव होडीवाल्यांनी स्वतःहून केला आहे.

दुसरं म्हणजे दोर. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारणारा पोहणाराही त्याच्या मिठीत सापडून जातो. एका पोरामागं बाप आणि चुलता गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. विहिरीत पाठीला डबा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून शिकलेलं पोहणं चांगलंच आहे, पण विहिरीला कठडा असतो आणि लाटा नसतात. म्हणून आम्ही गावोगाव एकच क्रम घोकून घेतोय: आधी ओरडा, मग काठी पुढं करा, मग दोर फेका, मग होडी न्या. उडी मारायची नाही. दोर पॉलीप्रॉपिलीनचा हवा, तो पाण्यावर तरंगतो. सुती आणि नायलॉनचा दोर भिजून बुडतो.

इथे सोलापूर शहराची खरी गरज आहे. फेकायच्या दोराची पिशवी असते. साधी, जाड कापडाची, तळाला फोमचा तुकडा शिवलेली, तोंड सैल. आत दोर कोंबायचा, एक टोक हातात ठेवायचं आणि पिशवी बुडणाऱ्याच्या पलीकडे भिरकवायची. उडता उडता दोर आपोआप सुटत जातो. शाळेचे गणवेश शिवून देशभर पाठवणाऱ्या या शहरात अशा पिशव्या शिवणं कुणालाही अवघड नाही. भडक नारिंगी किंवा पिवळं उरलेलं कापड असेल तर उत्तमच, पाण्यात ते लांबून दिसतं. नमुन्याची पिशवी आम्ही आणून दाखवू.

घराघरातून खाद्यतेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन द्या. झाकण घट्ट बसलं पाहिजे. कॅनला दोर बांधला की तरंगणारा आधार तयार होतो. असा एकेक कॅन आम्ही गुरं पाणी पितात, बाया धुणं धुतात, ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात त्या प्रत्येक ठिकाणी खांबाला टांगणार आहोत. टोळ्यांचं मुद्दाम लिहितोय. बीडकडून आलेल्या कुटुंबाची पालं हंगामात काठाला पडतात. आईबाप फडात असतात आणि पाण्याची ओळख नसलेली पोरं दिवसभर काठावर. साखर कारखान्यांनी मुकादमांच्या बैठकीत आम्हाला दहा मिनिटं दिली, तरी ती आम्हाला देणगीच आहे.

डॉक्टर आणि परिचारिकांकडे वेगळं मागणं. बुडालेल्याला डोक्यावर घेऊन गरगर फिरवायचं, पालथं टाकून पोट दाबायचं, ही पद्धत आमच्याकडे अजून जात नाही. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं वर येऊन श्वासनळीत अडकतं. श्वास थांबला असेल तर तोंडानं श्वास द्यायचा आणि छाती दाबायची, हे पुतळ्यावर हातानं करून शिकावं लागतं. एखादा रविवार द्या. जेवण आमचं, ज्वारीची भाकरी आणि ताजी मासळी. न खाणाऱ्यांना पिठलं.

मोटारीची बचाव होडी हे मोठं काम आहे, ते देणग्यांतून होईल. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा माढा-मोहोळ भागातली माणसं काढायला बाहेरून पथकं आणावी लागली. ती आली, त्यांचे उपकार आहेत. पण पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून एनडीआरएफची गाडी निघून काठावर पोचेपर्यंत काही तास जातात, आणि बुडणाऱ्याकडे काही मिनिटंच असतात. आमच्याकडे होडी असेल तर ती सीनेकाठी, भीमेकाठी, वारीत पंढरपूरला, जिथं बोलावणं येईल तिथं ट्रॉलीवर घालून नेऊ.

वापरलेली, फोम दबलेली जॅकेट कृपया पाठवू नका. भावना समजते, पण असलं जॅकेट अंगात असलं की माणूस उगाच धाडस करतो. दात्याचं नाव जॅकेटवर छापायची विनंतीही करू नका. नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल, जॅकेटवर फक्त माप राहील.

देणगी धनादेशानं किंवा खात्यावरच द्यावी, रोख घेत नाही. खात्याचा तपशील ग्रामपंचायत कार्यालयात शिक्क्यासह मिळेल, तो पाहिल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. हिशोब दर ग्रामसभेत वाचला जाईल. वस्तू कार्यालयात किंवा मच्छीमार संस्थेच्या शेडमध्ये सकाळी अकरापर्यंत उतरवता येतात, त्यानंतर आम्ही जाळ्यांच्या कामाला असतो.

वळीव एप्रिलपासून सुरू होतो. त्यामुळे जॅकेट आणि दोर होळीच्या आत पोचले तर पाडव्याला सगळ्या थांब्यांवर पेट्या बसतील. मुलांची जॅकेट पाठवताना किती किलो वजनाच्या मुलासाठी आहेत ती चिठ्ठी काढून टाकू नका, पेट्या आम्ही त्यावरूनच लावणार आहोत.

आपली,
जलसुरक्षा समिती
उजनीकाठची गावं, ता. करमाळा, जि. सोलापूर