वहीत खाडा पडू न देणाऱ्या, रूळ तपासत चालणाऱ्या कीमन अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. शनिवारी देसूरला गाडी सुटता सुटता तुम्ही खिडकीखालून ओरडून सांगितलंत, "नाव नको हं बाई!" ते ऐकलं मी. पण बाकीचं बोलणं राहूनच गेलं. पॅसेंजर तिथं थांबते ती जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात पिशवी सांभाळू, तुमच्याकडं बघू की डोळे पुसू, काही सुधरलं नाही. "थँक्यू" एवढंच कसंबसं तोंडातून निघालं आणि तेही वाऱ्यानं पळवलं असणार. म्हणून हे पत्र. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, पण भाजीवाल्या मावशींची सून वाचून दाखवेल असं ठरलंय.

त्या मंगळवारचा वारा तुम्हाला सांगायला नको. आषाढातला आमचा बेळगावचा वारा म्हणजे छत्रीची काडी शाबूत ठेवत नाही. गाव साडेसातशे मीटर उंचीवर, पश्चिमेला सगळी घाटाची कड, समुद्रावरून निघालेलं वारं खानापूरच्या जंगलातून जे घुसतं ते थेट अंगावर. देसूर सोडलं आणि मी दाराजवळ आले. वही हातात होती, पेन दातात. इतक्यात वाऱ्याचा असा झपाटा आला की डब्याचं दार धाडकन माझ्या कोपरावर आदळलं. हातातली वही गेली. नुसती गेली असती तर एका जागी पडली असती. पण तिची शिवण केव्हाच उसवली होती, पानं नाडीनं बांधून ठेवली होती. नाडी सुटली. पांढरी पानं भाताच्या शेतांवर पसरत गेली आणि मी दांडी धरून बघत राहिले.

ती वही काय होती हे तुम्हाला आता कळलंय, पण वाचणाऱ्या बाकीच्यांना कळायला हवं.

माझे वडील वडगावात माग चालवायचे. आधी हातमाग, मग यंत्रमाग. रेल्वेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं त्या दिवसांत त्यांना रेल्वेचं वेड लागलं ते कायमचं. रोज सकाळी माग सुरू करायच्या आधी सायकलवर मला पुढं बसवून तिसऱ्या रेल्वे गेटपाशी यायचे. खानापूरकडं जाणारी पॅसेंजर बघायची आणि वहीत एक ओळ लिहायची. चार रकाने: गाडी, इंजिन, उशीर, वारा.

वारा कशाला, असं सगळे विचारायचे. विणकराला वाऱ्याशिवाय चालतच नाही, अण्णा. पूर्वेचं कोरडं वारं सुटलं की सूत ठिसूळ होतं आणि ताण्याचे धागे तटातटा तुटायला लागतात. पावसाळी दमट वाऱ्यात तेच सूत मऊ राहतं. गेटवर उभं राहून बाबा दोन्ही कामं एकदम उरकायचे, गाडी बघायची आणि आज मागावर किती गाठी माराव्या लागणार त्याचा अंदाज घ्यायचा.

ही तिसरी वही. पहिल्या दोन घरी कपाटात आहेत. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर बाबांनी तेच लिहिलंय: मीटरगेज म्हणजे दोन रुळांत एक मीटर, ब्रॉडगेज म्हणजे १६७६ मिलिमीटर. त्याखाली, १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर इकडं रेल्वे आणायचं ठरलं, १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली, १९०८ साली ती मद्रासच्या कंपनीत मिळाली. "मराठा" या शब्दाखाली दोन रेघा. शिक्षण सातवी. हे सगळं कुणाकुणाला विचारून गोळा केलेलं. २००३ साली हुबळीला नैर्ऋत्य रेल्वे झाली त्याचीही नोंद आहे. आणि २०१४ च्या नोव्हेंबरात आमच्या शहराचं नाव कागदोपत्री बदललं, घरोघर त्यावरून बोलणी चालू होती, त्या दिवशी बाबांनी फक्त आपले चार रकाने भरले. वारा: पूर्वेचा, गार.

त्यांचा एकच नियम होता. खाडा नको. ताप असला तरी गेटवर जायचं, नाहीतर मला पाठवायचं. पुढं मी खानापूर भागातल्या शाळेत शिक्षिका झाले आणि त्याच पॅसेंजरनं रोज जायला लागले, तेव्हा त्यांना कोण आनंद! म्हणाले, "आता तर तू गाडीच्या पोटात बसून लिहिणार." सुटीच्या दिवशी मात्र तेच गेटवर. माघात बाबा गेले. त्या दिवशीची ओळ आमच्या डब्यातल्या कोर्टातल्या भाऊंनी लिहिली, मला न विचारता, आणि दहाव्याला वही आणून दिली. तेव्हापासून रविवारी मी जाते गेटवर.

आमचा डबाही तुम्हाला ठाऊक असायला हवा. कोर्टातले भाऊ, बँकेतल्या दोघी, कॉलेजचा एक पोरगा ज्याला प्रत्येक इंजिनाचा भोंगा ओळखू येतो, आणि देसूरच्या मावशी, भाजीची बुट्टी घेऊन खानापूरच्या बाजाराला जाणाऱ्या. मावशींना वाटायचं आम्ही सगळे खुळे आहोत. आता त्याच विचारतात, "आज कुठलं इंजिन लावलंय?" गप्पा कशावरही. रुळांवर विजेची वायर आल्यापासून डिझेल इंजिनाचा तो घुमणारा आवाज गेला याची हळहळ. गोव्याच्या वाटेवर कॅसलरॉकच्या पुढं कुळेपर्यंतच्या घाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे, तिथं मालगाडीला मागनं जादा इंजिनं कशी रेटतात ते पोरगा हातांनी करून दाखवतो. मधेच रताळ्याचे वेल लावले का, रोप लावणीला बायका मिळाल्या का, कुणाच्या घरावरचे पत्रे वाऱ्यानं गेले, कुणाच्या सुनेला दिवस गेले. इंजिन आणि संसार एकाच दमात.

तर ती वही गेली.

मग मी जे जे करायचं ते केलं आणि त्यात जे वाट्याला आलं त्याचा कढ अजून गेलेला नाही. एका खिडकीवर माझं सगळं ऐकून घेतल्यावर माणूस म्हणाला, "वहीच ना? सोनं होतं काय त्यात?" आणि शेजाऱ्याकडं बघून हसला. दुसरीकडं अर्ज लिहून घेतला आणि माझ्या देखत दुसऱ्या कागदांखाली सरकवला. फोनवर एकानं मला रुळावर जायची मनाई आहे म्हणून दोनदा बजावलं. नियम बरोबरच आहे, पण मी परवानगी मागितलीच नव्हती. त्या भागात कुणी आपला माणूस फिरत असेल तर त्याच्या कानावर घाला, एवढंच विनवत होते. घरच्या एका जवळच्या माणसानं तर समजूत म्हणून सांगितलं, "नंबरच तर होते, जाऊ दे." हे सगळे शिकलेले, आपली भाषा बोलणारे. कुणी माझा अपमान करायचा म्हणून बोललं नसेल. पण माझ्या बाबांचं अक्षर चिखलात पडलंय, हे एकालाही दिसलं नाही.

त्या चार दिवसांत मी इंजिनाकडं मान वर करून बघितलं नाही. गाडीत बसायचे, डोळे मिटायचे. खाडा पडलाच होता, आता कशाला बघायचं.

शुक्रवारी संध्याकाळी मावशींचा फोन आला. "बाई, आमच्याकडचा कीमन पोत्यात कागद घेऊन हिंडूलालाय. ज्याला त्याला दाखवूलालाय. तुमचंच हाय की काय ते?" रात्रभर झोप नाही. शनिवारी तुम्ही फलाटावर उभे होता, अंगावरच्या रेनकोटाच्या आत पिशवी धरून, जशी बाळंतीण पोर धरते तशी. हातात दिलीत आणि पहिलं वाक्य काय बोललात? "बाई, तीन कागद गावले नाहीत. लई हुडकलो. वारं जास्ती हुतं."

एकशे चौदापैकी एकशे अकरा पानं तुम्ही शोधलीत, आणि वर माझी माफी मागितलीत.

कीमनचं काम काय असतं ते मला बाबांनी शिकवलं होतं. रोज पाच-सहा किलोमीटरचा आपला पट्टा चालायचा, प्रत्येक क्लिप, प्रत्येक बोल्ट डोळ्याखालून घालायचा, सैल दिसलं की हातोडा. गाडी आली की बाजूला उभं राहून चाकं बघायची, काही लोंबतंय का, काही तापलंय का. ऊन असो, असलं वारं असो. आम्ही डब्यात बसून झोपतो ती तुमच्या जिवावर. असं काम संपवून तुम्ही पुन्हा मागं चालत गेलात, भाताच्या खाचरांतून, करवंदीच्या जाळ्यांतून पानं वेचलीत. मावशींनी सांगितलं म्हणून कळलं, तुम्ही नसतं सांगितलंत. पानांना चुलीच्या धुराचा वास येतोय. वहिनींनी चुलीशेजारी एकेक करून वाळवली आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर रुळातल्या खडीचा दगड ठेवला, हेही मावशींकडूनच. कोपऱ्यांवर दगडांचे वळ आहेत. मी ते सरळ करणार नाही.

पण अण्णा, हे पत्र मी यासाठीही लिहीत नाहीये. घरी आले, पानं तारखेप्रमाणं लावत बसले. तुम्ही ती बहुतेक लावलेलीच होती. अक्षर मराठी असलं तरी आकडे वाचता येत होते. शेवटी माझं सोमवारचं लिहिलेलं अर्धं पान आलं. आणि त्याच्याखाली चार ओळी होत्या ज्या मी लिहिलेल्या नव्हत्या.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

रकाने पेन्सिलीनं आखलेले, रेघ मधे जरा हललेली, कडेला ग्रीसचा अंगठा. पॅसेंजरच्या इंजिनाचे पाच आकडी नंबर. उशीर मिनिटांत. आणि वाऱ्याच्या रकान्यात कन्नड अक्षरं. आमच्या शाळेत कन्नड होतं, अक्षर लावत लावत वाचता येतं मला. गाळी भाळ. गाळी भाळ. गाळी भाळ. शुक्रवारी: स्वल्प कडिमी. वारा फार, वारा फार, वारा फार, आणि मग थोडा कमी.

मी किती वेळ त्या पानाकडं बघत बसले ते सांगता येणार नाही.

तुम्हाला खाड्याचा नियम कुणी सांगितला नव्हता. वही कुणाची तेही माहीत नव्हतं. ती परत जाईल की पोत्यातच राहील याचीही खात्री नव्हती. तुम्ही ओली पानं उलटताना बघितलंत की इथं रोज एक ओळ आहे आणि तीही याच एका गाडीची, आणि मग तुमच्या पट्ट्यातून ती गाडी जाताना रोज तिचा नंबर टिपून घेतलात. एवढंच नाही, शेवटच्या रकान्यात काय लिहायचं असतं हे भाषा येत नसताना ओळखलंत! कसं ओळखलंत? कुणाला विचारलंत? की पावसाळ्याच्या पानांवर तोच शब्द पुन्हा पुन्हा दिसला म्हणून? दुसऱ्याच्या वहीत काहीतरी चालू आहे, ते आपल्या हातात आलंय तोवर थांबू नये, असं ज्याला वाटतं त्या माणसाला मी काय म्हणू? बाबा असते तर ते नक्की तुमच्या पट्ट्यावर तुम्हाला भेटायला चालत आले असते.

आमच्या या भागात दोन भाषांवरून बोलायला माणसं नेहमी तयार असतात, आणि त्यातली काही दुःखं खरी आहेत, मी ती नाकारत नाही. पण बाजारात, डब्यात, विहिरीवर, दवाखान्याच्या रांगेत मी जन्मभर जे बघत आले ते हेच, की चांगुलपणा करणारा आधी करतो आणि मग मोडक्यातोडक्या भाषेत बोलतो. भाऊंनी विचारलं, कन्नडमधल्या त्या ओळी शेजारी मराठीत लिहून ठेवायच्या का? मी नको म्हटलं. त्या आहेत तशाच राहतील. मुलं वर्गात विचारतात, बाई, चांगला माणूस म्हणजे कसा? आजवर मी पुस्तकातली नावं सांगायचे. परवा ते पान घेऊन गेले आणि ग्रीसचा अंगठा दाखवला.

मावशींच्या हाती एक डबा पाठवतेय. कुंदा आहे, वहिनींना आणि मुलांना द्या. भांडं परत करायची घाई नाही. पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते बरोबरच केलंत, मी द्यायलाच नको होते.

आणि एक काम आहे. गुरुवारच्या इंजिनाचा शेवटचा आकडा एक आहे की सात, ते दगडाच्या वळामुळं नीट दिसत नाही. आठवत असेल तर मावशींकडं निरोप ठेवा. बाबांच्या वहीत चुकीचा नंबर राहायला नको.

तुमची,
पॅसेंजरमधली बाई