बाबांचं चालणं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुमच्याकडून परत आल्यापासून एकच गोष्ट डोळ्यांसमोरून हलत नाहीये. खुर्चीतून उठताना बाबांनी आधी टेबलाची कड धरली, मग भिंत, आणि दोन क्षण तसेच उभे राहिले. दर रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर बोलतो, पण त्या चौकटीत बाबा नेहमी बसलेलेच असतात. सहा महिन्यांत मी त्यांना एकदाही चालताना पाहिलं नव्हतं. आणि आई, तू "आम्ही मजेत" म्हणत राहिलीस.

२०१६ मध्ये व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आले तेव्हा मला वाटलं, आता चेहरा दिसतोय, अजून काय हवं? पण कॅमेरा वर आणि तुमचे चेहरे खाली. मी तुमच्या डोळ्यांत पाहते तेव्हा तुम्हाला मात्र माझी नजर खाली गेलेली दिसते. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग लागतो. कॉलवर आवाज तेवढा जरी रेंगाळला तरी आपण एकदमच बोलायला लागतो. मग "तू बोल", "नाही, तुम्ही बोला". बाबा अशा वेळी गप्पच बसतात. मी समजायचे, त्यांना आज बोलायचं नाहीये.

आणि त्या निळ्या खुणा! आई, तुझा सकाळचा मेसेज मी कामाच्या गडबडीत उघडते, खुणा निळ्या होतात आणि तुला वाटतं, लेक ठीक आहे. तुझा अंगठा आला की मलाही वाटतं, घरी सगळं ठीक. दोन्हीकडून विचारपूस झाल्यासारखी वाटते आणि झालेली नसते. मैत्रिणींचंही असंच झालंय. एकीचे सगळे फोटो मी बघत होते, पण तिचे वडील आजारी होते हे मला दोन महिन्यांनी कळलं.

फोन नको असं मी म्हणत नाही. मी तापाने फणफणले होते तेव्हा रात्रभर तू कॉल चालू ठेवला होतास. आपण फारसं बोललोही नाही. तू कूस बदललीस की कळायचं, एवढंच. त्याच्या आधाराने मला झोप लागली.

तसंच करूया. रविवारी फोन टेबलावर उभा करून ठेवा आणि तुमची कामं करत राहा. बोललंच पाहिजे असं नाही. बाबा, तुम्ही खोलीत ये-जा करा, मला तुम्हाला चालताना बघायचंय. पुढच्या महिन्यात येतेय, तेव्हा डॉक्टरांकडे सोबतच जाऊ.

तुमची,
लेक