ताई, (४, −१) या बिंदूसाठी आभार

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. सूत्र पाठ होऊनही गणित सुटत नाही म्हणून रडकुंडीला आलेलं कुणी हे वाचत असेल, तर त्यालाही तू काय केलंस ते कळू दे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी माझ्या वहीत एकच गणित तीनदा खोडलेलं होतं. चढ (म्हणजे यमधला फरक भागिले क्षमधला फरक) −२/३, बिंदू (४, −१), रेषेचं समीकरण काढा. सूत्र पाठ होतं: य − य₁ = चढ × (क्ष − क्ष₁), यात (क्ष₁, य₁) हा दिलेला बिंदू. पण मी दर वेळी य − १ लिहायचे आणि उत्तर जुळायचं नाही. तू चूक दाखवलीच नाहीस. वही मिटलीस, आलेख कागद पुढे सरकवलास आणि (४, −१) वर पेन्सिल टेकवायला लावलीस. "तीन घरं उजवीकडे, दोन खाली." मी (७, −३) वर आले. "आता मूळ जागेवरून तीन डावीकडे, दोन वर." (१, १). पट्टी ठेवली, तिन्ही बिंदू एका रेषेत.

मग म्हणालीस, "रेषेवरचा कुठलाही बिंदू घे, त्याला (क्ष, य) म्हण. (४, −१) पासून तिथवर चढ किती?" तेवढाच की! सरळ रेषेचा चढ कुठेही मोजला तरी तोच. म्हणजे (य + १) भागिले (क्ष − ४) बरोबर −२/३. मी घोकत होते ते सूत्र म्हणजे चढाची व्याख्याच होती, फक्त एक बिंदू मोकळा सोडलेला. आणि वजा एक वजा केला की अधिक एक, हे त्या कागदावर मला पहिल्यांदा दिसलं.

मी शंका काढली होती, आठवतं? क्ष = ४ ठेवला तर छेद शून्य होतो, मग ज्या बिंदूपासून निघालो तोच गळतो. "आधी लिहून घे" असं तू म्हणाली नाहीस. थांबलीस, खूश झालीस आणि म्हणालीस, म्हणून तर गुणून घ्यायचं: य + १ = −२/३ (क्ष − ४). आता तोही आत आला. पुढे २क्ष + ३य = ५, आणि तिन्ही बिंदू एकेक करून घालून बघितले: ८ − ३, १४ − ९, २ + ३. दर वेळी पाच.

ती शंका तू इतकी मनावर घेतलीस, त्याचे आभार सगळ्यात जास्त.

उभी रेषा त्या दिवशी राहून गेली होती. ती मी नंतर एकटीने केली. (४, −१) मधून जाणारी उभी रेषा: क्षमधला फरक शून्य, शून्याने भागता येत नाही, म्हणून चढच सांगता येत नाही आणि हे सूत्रही चालत नाही. समीकरण नुसतं क्ष = ४.

बरोबर आहे ना, ताई?

तुझी,
धाकटी