मंत्रिमहोदय, लोट्याच्या पाण्याचा हिशेब आधी मांडा

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय, स.न.वि.वि.

नोव्हेंबर २०२३च्या अखेरीस आमच्या खेड तालुक्यातल्या लोटे-परशुरामच्या वाढीव एमआयडीसीत हिंदुस्थान कोका-कोला बेव्हरेजेसच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. ८८ एकर जागा, १,३८७ कोटींची गुंतवणूक. आकडे ऐकून आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! खेड-चिपळूणकडे केमिकलशिवाय दुसरं काही येत नाही, ही ओरड आमचीच होती. पोरं घरचा भात खाऊन शिफ्टला गेली आणि विरारच्या लोकलला लटकायचं टळलं, तर ते कुणाला नकोय?

पण या कारखान्याचा मुख्य कच्चा माल पाणी आहे. हे माझं मत नव्हे, सरकारचाच हिशेब आहे. पाणी कच्चा माल म्हणून वापरणाऱ्या उद्योगांना, म्हणजे शीतपेयं, बाटलीबंद पाणी, बिअर वगैरेंना, जलसंपत्ती नियमन प्राधिकरण वेगळा आणि चढा दर लावतं. एक लिटर पेयामागे दोन लिटरच्या आसपास पाणी लागतं, असं कंपनीचे जागतिक अहवालच सांगतात. त्यात घातलेल्या साखरेसाठी ऊस किती पाणी प्यायला, ते यात धरलेलंच नाही.

कोकणात पाणी नाही असं कुणी म्हटलं तर त्याला मी वाशिष्ठीच्या काठावर नेऊन उभा करीन. कोयनेच्या वीजनिर्मितीसाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवलं जातं. पोफळीची आणि कोळकेवाडीची जनित्रं फिरवून ते वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. वर तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस. आणि तरीही एप्रिल उजाडला की खेड तालुक्यातल्या धनगरवाड्यांना टँकर लागतो. जांभा पाणी धरत नाही. पावसाचं पाणी वरून पडतं, खालून निघून जातं. रस्त्याकडेला निळे ड्रम रांगेत लागतात, प्रत्येकावर ऑइलपेंटने घराचं नाव. टँकर कधी दुपारी येतो, कधी दुसऱ्या दिवशी. ज्यांच्या वाट्याला ड्रम नाही त्या बायका विहिरीत उतरून झऱ्याचं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. नदीचं पाणी पंपाने चढवून लोट्याच्या माळावर न्यायला पाइपलाइन निघते. त्याच माळाच्या आसपासच्या वाडीत ते न्यायचं म्हटलं की मात्र ‘तांत्रिकदृष्ट्या अवघड’ असा शेरा पडतो.

पाण्याची आठवण निघाली की प्लाचिमडा आठवल्याशिवाय राहत नाही. केरळात पालक्काड जिल्ह्यात याच कंपनीचा कारखाना २००० साली सुरू झाला. काही वर्षांतच विहिरींचं पाणी आटलं, उरलेलं पिण्याजोगं राहिलं नाही. कारखान्यातला गाळ खत म्हणून शेतकऱ्यांना दिला गेला, त्यात कॅडमियम आणि शिसं सापडलं. मयिलम्मा नावाच्या आदिवासी बाईने फाटकासमोर ठिय्या दिला, पेरुमाट्टी पंचायतीने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं आणि मार्च २००४मध्ये कारखाना बंद पडला. २०१०मध्ये राज्य सरकारच्या समितीने नुकसान २१६ कोटींचं धरलं. भरपाईसाठी विधानसभेने २०११मध्ये विधेयक मंजूर केलं, ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा होऊच शकलं नाही. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, हेही नोंदवतो.

लोट्याचं प्लाचिमडा होईल असं मी म्हणत नाही. तिथे सगळा उपसा जमिनीतून होता, इथे नदी आहे. म्हणूनच एक गोष्ट सोपी आहे: या कारखान्याच्या आवारात बोअर मारायची नाही, आज नाही आणि टंचाईच्या वर्षीही नाही, हे करारात लिहून टाका. नदीचंच पाणी वापरायचं असेल तर असं लिहून द्यायला कंपनीला जड जाऊ नये.

दुसरं, जाणारं पाणी. लोट्याच्या सांडपाण्याचा इतिहास आपल्याला मी सांगावा असं नाही. सामायिक प्रक्रिया केंद्र पुरं पडत नाही आणि खाडीतली मासेमारी ढासळली, हे पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीने २०११च्या अहवालात लिहून ठेवलंय. दाभोळ खाडीकाठच्या भोई-खारव्यांना त्यासाठी अहवालाची गरज नव्हती, त्यांची जाळीच सांगत होती. शीतपेयाचं सांडपाणी रसायनांइतकं जहाल नसतं, मान्य. पण त्यात साखर असते, धुलाईचा कॉस्टिक असतो. आधीच दम लागलेल्या केंद्रात ते सोडणार, की कंपनी आवारातच शुद्ध करून पुन्हा वापरणार? आणि गाळ कुठे जाणार? ‘शेतकऱ्यांना मोफत खत’ हे उत्तर आम्हाला नको.

फळांचंही एकदा बोलून घेतो. ‘माझा’ हा या कंपनीचा आंब्याच्या पेयाचा ब्रँड. आमच्याकडे मात्र काजूची बोंडं झाडाखाली कुजतात, करवंदं-जांभळं पोरं खातील तेवढीच, आणि कोकमाचं सरबत बचत गटाच्या बायका पावसाआधी धावतपळत करून जुन्या बाटल्यांत भरतात. सवलती देताना स्थानिक फळाच्या खरेदीची अट घालता येते. नुसती घोषणा नको. २०१६मध्ये मोर्शीच्या संत्र्यासाठी याच कंपनीला सोबत घेऊन प्रकल्पाची घोषणा झाली होती, आणि त्यानंतरही विदर्भातल्या बागायतदारांनी संत्री रस्त्यावर ओतलेली सगळ्यांनी पाहिली. नोकऱ्यांबाबतही तेच. ऐंशी टक्के स्थानिकांचा नियम आहे, पण ठेकेदाराच्या हजेरीपटावर तो कुणी तपासत नाही.

मागणी एवढीच. रोज किती पाणी मंजूर झालं, कुठून उचलणार, कोणत्या दराने, टंचाईत कपात आधी कारखान्याची की गावांची, सांडपाणी आणि गाळ कुठे, हे सगळं दोन पानी मराठीत लिहून आसपासच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. दर महिन्याचं मीटरचं वाचन त्याखाली यावं. आणि उद्योगांसाठी जलवाहिनी जिथून जाते, त्या वाटेवरच्या वाड्यांना त्याच वाहिनीवरून नळ द्यावा. खर्च कंपनीच्या सामाजिक निधीतून घ्या, नाहीतर एमआयडीसीच्या तिजोरीतून.

१ मेच्या ग्रामसभेच्या आधी ही दोन पानं लागली, तर तिथेच ती वाचून दाखवू. आपला अधिकारी त्या दिवशी हजर असेल तर बरं होईल. प्रश्न विचारणारे बरेच आहेत.

कळावे,
आपला,
खेड तालुक्यातील एक मतदार