बाळ्या, खदान नेमकी कुठे होती?

प्रिय बाळ्या,

इकडे सगळे ठीक. माझी शुगर आहे तिथेच आहे, आई अजून जिना उतरते आणि उतरताना सगळ्यांना नावं ठेवते.

आपली सोसायटी अखेर रीडेव्हलपमेंटला गेली. चार मजल्यांच्या जागी बावीस होणार. पण लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. खाली दगड किती खोल आहे ते बघायला बिल्डरने बोअर मारायचं मशीन आणलं आणि त्या मशीनने आपलं जुनं भांडण उकरून काढलं. खदान चिंचेच्या अलीकडे होती की पलीकडे? मी म्हणतो पलीकडे, म्हणजे आताच्या सी विंगखाली. तू शाळेपासून छातीठोकपणे सांगतोस अलीकडे. अलीकडे म्हणजे ए विंग. आईचं घर.

चार बोअर ठरले होते, तीनच झाले. ए विंगच्या मागे गॅरेज आहे, तिथे मशीन शिरेना. मी रोज चहाच्या निमित्ताने जाऊन उभा राहायचो. जमिनीतून काढलेल्या दगडाच्या कांड्या लाकडी पेटीत ओळीने मांडतात, बाजूला रंगाने खोली लिहितात. पहिल्या दोन पेट्यांत थोडा मुरूम, मग लांब, अखंड, पिवळट राखाडी कांड्या. हात फिरवला तर खरखरीत. तिसरी पेटी गेटजवळची. तिच्यात विटेचे तुकडे, कोळशाची राख, प्लॅस्टिकची चिंधी, आणि अकरा मीटरपर्यंत दगडाचा पत्ता नाही. गेट दोन्ही विंगच्या मधोमध, त्यामुळे तू जिंकलास असंही नाही आणि मी जिंकलो असंही नाही. फार उड्या मारू नकोस.

मशीनवरचा इंजिनिअर पोरगा हुशार निघाला. म्हणाला, काका, हा तुमचा मालाड स्टोन, ट्रॅकाइट. घरी येऊन वाचत बसलो, तेव्हापासून बायको मला 'भूगर्भ' म्हणते. सह्याद्रीचा काळा पाषाण, तो बेसॉल्ट, बहुतेक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मुंबईच्या ट्रॅकाइटचं वय मोजलं तर ते सहा ते सव्वासहा कोटींच्या आसपास निघालं. म्हणजे मोठा उद्रेक ओसरल्यावर, डायनासोर संपल्यावर, आपल्या बाजूला हा चिकट, सिलिका जास्त असलेला लाव्हा मागाहून आला. मालाड तिथेही लेटच! नंतर अख्खा किनारा पश्चिमेला कलला, त्यामुळे मुंबईचे थर समुद्राकडे उतरतात. म्हणूनच पोरगा म्हणाला की दोन बोअरमध्ये दगड वर लागला म्हणून तिसरीकडेही तिथेच लागेल असं धरू नका. त्यात माणसाने खड्डा केला असेल तर विचारायलाच नको. एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्यायलो.

तो दगड गेला कुठे माहीत आहे? मास्तर आपल्याला म्युझियमला घेऊन गेले होते आणि तू डबा ट्रेनमध्ये विसरलास, ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. पायाभरणी १९०५ ची. कुर्ल्याचा राखाडी बेसॉल्ट आणि मालाडचा हा पिवळट दगड, दोन्ही त्यात आहेत. फोर्टातल्या कितीतरी इमारतींच्या भिंती म्हणजे आपल्या भागात पडलेले खड्डे. इमारतींना हेरिटेजचा दर्जा, आणि खड्ड्यांना कचरा. आपल्या बाजूला कोणी विचारत नव्हतंच म्हणा. १८६७ साली विरारहून बॅकबेला गाडी सुरू झाली, तिचे थांबे बोरिवली, मग पहाडी म्हणजे आपलं गोरेगाव, मग अंधेरी. मालाड नाही. मुंबईत घेतलं तेही १९५७ साली, अंधेरीवाले सात वर्षं आधी आत. मग दगड संपला आणि शहराने भराव पाठवायला सुरुवात केली. चिंचोलीच्या जुन्या कचऱ्याच्या डंपिंगवर माइंडस्पेसचं ऑफिस-संकुल उभं राहिलं, तेव्हा खालच्या गॅसने ऑफिसांतले कंप्युटर गंजायला लागले होते, आठवतं ना? पेपरात आलं होतं.

आता माझी पंचाईत ऐक. येत्या रविवारी जनरल बॉडी आहे. इंजिनिअरचं म्हणणं, काहीही निघालं तरी पाइल, म्हणजे पायाचे खांब, खालच्या दगडापर्यंतच नेणार, त्यामुळे बिल्डिंगला धोका नाही. खरं आहे. पण बिल्डरचा हिशोब दगड चार मीटरवर धरून केलाय. काम चालू झाल्यावर खदान निघाली तर खर्च वाढला म्हणून काम थांबेल, भाडं थांबेल, आणि आम्ही त्या मागच्या गल्लीतल्या लोकांसारखे प्लिंथकडे बघत बसू. आई म्हणते, मला परत इथेच यायचंय, तेवढं बघ. तिचं वय काय, तुला माहीत आहे.

मी बोललो तर सेक्रेटरी म्हणणार, सुधाकरराव, पुरावा? बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसा, कमी झाला तर सी विंगवाले माझ्याशी बोलायचे नाहीत. तसेही बोलत नाहीत, पार्किंगवरून. पण गॅरेज तोडून तिथे एक बोअर माराच, एवढं सांगायला माझ्याकडे काही हवं. ती खदान डोळ्यांनी पाहिलेले आता दोघेच उरलो. बंडू असता तर त्याने पायाने रेघ मारून दाखवली असती. सुरुंगाआधी लाल झेंडा दाखवला की आपण कुठल्या भिंतीमागे पळायचो? मला पाटलांची भिंत आठवते. तू म्हणशील विहीर. तू पळायचास कुठे, तू रडायचास.

तुझ्या चिरंजीवाचं ठरलं असं नलूताईंकडून कळलं. अभिनंदन. तारीख कळव, आणि गुडघ्याचं एकदाचं करून घे.

आता काम कर. कागद घे आणि चिंच, विहीर, पाटलांची भिंत, खदानीचा काठ, एवढं काढून फोटो पाठव. माझं मी वेगळं काढून ठेवलंय, तुला आधी दाखवणार नाही. दोन्ही जुळले तर सभेत ठेवतो. नाही जुळले तरी दोन्ही ठेवतो आणि दोन्हीकडे बोअर मारा म्हणतो. शनिवारपर्यंत पाठव. आणि तुझ्या धाकट्या भावाला विचारू नकोस. तो तेव्हा दोन वर्षांचा होता, तरीही ठामपणे सांगेल.

तुझा,
सुध्या