मागच्या खोलीतलं सामान

मनीषनगर, नागपूर
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांचा आवाज चढतो, आई रडायला लागते, आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहिते आहे. आधी पूर्ण वाचा, मग बोला.

मागच्या खोलीतलं नवऱ्याचं सामान मी परत देते आहे. सगळं. रविवारी सकाळी दहाला तो टेम्पो घेऊन येईल.

आई, तू म्हणालीस, "घेऊन जा गे मारबत म्हण अन् भंगारवाल्याला देऊन टाक." काल मिरवणुकीचा आवाज कानावर आला तेव्हा तुझं बोलणं आठवलं. लहानपणी इथे महाल भागात मावशीकडे यायचो, तेव्हा बाबा मला खांद्यावर बसवून काळी मारबत, मिरवणुकीनं नेऊन जाळतात तो पुतळा, दाखवायचे. बाकाबाई भोसलेंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्या रागातून ती १८८१ पासून निघते असं सांगायचे. आई, मला त्याची मारबत करायची नाही. केली तर दरवर्षी नव्यानं बांधावी लागेल.

चार शनिवार बसून मी यादी केली. कपडे, पुस्तकं, क्रिकेटची किट यांना वेळ लागला नाही. फोटो काढले, खोक्यांवर नंबर टाकले. पण आलमारीच्या वरच्या कप्प्यात एक रेक्झिनची पिशवी निघाली. त्याच्या वडिलांचं सेवापुस्तक, मृत्यूचा दाखला, आणि सासूबाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते ते. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मीच सासूबाईंना बँकेत न्यायची, म्हणून ती पिशवी माझ्याकडेच राहिली.

बाबा, ती पिशवी मी मागच्या आठवड्यात स्पीड पोस्टानं पाठवून दिली. रविवारपर्यंतही थांबले नाही. तुम्हाला राग येईल, कारण माझ्या पाटल्या आणि गोठ त्याच बाईंच्या लॉकरमध्ये आहेत. मला विसर पडलेला नाही. पण म्हाताऱ्या बाईची पेन्शन अडली आणि ती माझ्या घरातल्या कागदांमुळे अडली, हे मला सहन झालं नसतं. सात वर्षं त्यांच्या पायाला तेल लावलंय मी.

तुमचं म्हणणं, "आधी दागिने, मग सामान." वकीलबाईंना मी तेच विचारलं. त्या म्हणाल्या, दागिने तुमचं स्त्रीधन आहे, ते मिळवायला तुम्हाला त्याच्या डिग्रीच्या कागदांची गरज नाही. सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्येच सांगून ठेवलंय की स्त्रीधन सासरच्यांकडे असलं तरी ते फक्त सांभाळणारे असतात, मालक नाहीत. परत देत नसतील तर तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो. आज मी त्याच्या मार्कशीट अडवून धरल्या, तर उद्या तक्रार करायला त्यालाही जागा मिळेल आणि माझीच बाजू लंगडी पडेल. आमचा सहमतीनं घटस्फोटाचा अर्ज झालाय. मधली सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं, हे २०१७ मध्ये ठरलं आहे, पण त्यासाठी आपसातलं सगळं देणंघेणं खरोखर मिटलेलं लागतं. मला ते लवकर मिटवायचं आहे.

आणि बाबा, तुम्ही स्वतः पोलीस ठाण्यात जाऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच एका वडिलांची तक्रार सुप्रीम कोर्टानं रद्द केली. मुलीनं अधिकार दिला नसेल तर तिचं स्त्रीधन वडिलांनाही मागता येत नाही. मागायचं ते मी मागते आहे, वकिलामार्फत, लेखी.

रविवारी शेजारचे काका-काकू साक्षीला बसतील. यादीच्या दोन प्रती, प्रत्येक पानावर त्याची सही. तुम्ही दोघं त्या दिवशी येऊ नका. आई, तू त्याला बघितलंस तर तुला काही बोलल्याशिवाय राहवणार नाही, आणि नाही बोललीस तर तुझं बीपी वाढेल.

कूलर जात नाही. तो मी माझ्या पगारातून घेतला, बिल माझ्या नावावर आहे. मे महिन्यात या घरात त्याच्याशिवाय झोप लागत नाही.

एक गोष्ट राहिली, ती लिहायला जड जातंय. पहिल्या दिवाळसणाला तुम्ही जवाईबापूंना दिलेलं घड्याळ ड्रॉवरमध्येच आहे, डबीसकट. जाताना त्यानं नेलं नाही. निवृत्तीच्या पैशातून घेतलेलं, दुकानात तुम्ही तासभर निवडत होतात, मी सोबत होते. खूप वेळ ते हातात धरून बसले. मग यादीत एकतिसावा नंबर टाकला. ते तुम्ही त्याला मनापासून दिलं होतं बाबा, माझ्या हातानं ते परत घेववत नाही. त्यानं न्यायला नकार दिला, तर तसं त्याच्याकडून लिहून घेईन आणि घड्याळ आर्वीला आणून देईन.

लग्नातल्या सराफाच्या पावत्या तुमच्या लोखंडी पेटीत असतील, लाल कापडात बांधलेल्या. मूळ पावत्या तुमच्याकडेच ठेवा, झेरॉक्स मला कुरिअर करा. वकीलबाईंना बुधवारपर्यंत हव्या आहेत. गोठांची पावती वेगळी होती, आजीच्या नावाची. तीही बघा.

तुमची,
ताई